सबनिसाचा दगड

ताई, हात खाली घ्या. त्या दगडाला नमस्कार करायचा नसतो. कुंकू कोणी वाहिलं ते मला ठाऊक आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून येणारी तुमच्यासारखीच मंडळी वाहतात. दगड दिसला की वाकायचं, एवढंच शिकून आलेली असतात. जरा जवळ येऊन बघा. वरपासून खालपर्यंत चिकट झालाय, माश्या घोंगावताहेत. ही काही अभिषेकाची खूण नव्हे. त्या बियरच्या कारखान्यातून बाहेर पडणारा गावकरी पेल्याच्या तळाशी उरलेला घोट या दगडावर टाकतो, वर थुंकतो आणि मग घरची वाट धरतो. धारखिंडीची ही रीत आहे. ती कशी पडली ते सांगतो. मग वाटलं तर फोटो काढा.

कड्यावरून पडते ती धार. भर वैशाखातही ती आटत नाही. तिची देवी धारजाई. असे सांगतात की आमच्या वडिलांच्या उमेदीच्या काळात दाजीबा वाघचौरे नावाचा माणूस या पाण्याच्या शोधात इथं आला. एका मोठ्या बियर कारखान्यात तो सातू भिजवण्यापासून टाक्या घासण्यापर्यंत सगळं शिकला होता, आणि तिथली बियर त्याला स्वतःलाच पिववत नव्हती म्हणे. आपली बियर आपण करायची, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्याच्याबरोबर भागीदार म्हणून आला मुकुंद सबनीस. याचं काम विक्रीचं. अंगात कोट, जिभेवर साखर, आणि सातूचं पोतं जन्मात न उचललेले हात.

गाव पाणी द्यायला तयार नव्हतं. अर्धं गाव माळकरी. मीही माळकरीच, आजवर थेंबाला शिवलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटी जुन्या माणसांनी अट घातली. या पाण्याचं जे कराल ते धारखिंडीच्या नावानं विकायचं, दुसऱ्याच्या बाटलीत भरायचं नाही. शब्द मोडलात तर धार आटेल. दोघांनी धारेखाली हात धरून देवीसमोर तसा शब्द दिला. शब्द देताना सबनिसानं कोटाची बाही भिजू नये म्हणून दुसऱ्या हातानं वर ओढून धरली होती म्हणे. त्या बाहीवरूनच माणूस ओळखायला हवा होता. पण आमचं गाव तेव्हाही बावळटच होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि तांब्याचं एक मोठं भांडं. दाजीबा सातूला मोड आणायचा, वाळवून भरडायचा, उकळून निवला की टाकीत आंबायला ठेवायचा आणि त्या टाकीशेजारीच चटई टाकून पडायचा. एखादी टाकी बिघडली तर ती कुणाच्या गळ्यात मारायचा नाही, ओतून द्यायचा. सबनीस अशा वेळी डोक्याला हात लावून बसे. तरी हळूहळू नाव झालं. साखर कारखान्याचे इंजिनियर, सुटीवर आलेले फौजी, सगळे दुकानात धारखिंडच मागू लागले.

मग शहरातल्या एका बड्या कंपनीला वास लागला. तिचं नाव मी तोंडानं घेत नाही. तशी बियर करायची अक्कल नव्हती, म्हणून केलेली उचलून आपल्या बाटलीत भरायची, एवढाच तिचा पराक्रम. सबनिसानं दाजीबाला न विचारताच होकार देऊन टाकला. टँकर यायच्या दिवशी सकाळी तो पेला घेऊन याच दगडावर बसला होता, तेव्हा दाजीबाला कळलं.

"दुपारी टँकर येतायत. टाक्या रिकाम्या करून द्यायच्या," सबनीस म्हणाला.

"कुणाच्या बाटलीत भराया?"

"त्यांच्या. नाव त्यांचं, काम आपलं."

"मुकुंदराव, धारंखाली हात धरून शबुद दिला हुता. त्येचं काय?"

सबनीस हसला. "अहो दाजीबा, पिणाऱ्याला काय कळतंय? फेस दिसला की झालं त्याचं. आणि देवीचं म्हणाल तर हा घ्या तिचा वाटा." असं म्हणून त्यानं पेल्यात उरलेली बियर दगडावर ओतली.

त्याच घटकेला धार थांबली, असे सांगतात. मी पाहिलेलं नाही. पण माझी आत्या तेव्हा धारेखाली घागर लावून उभी होती. अर्धी भरलेली घागर तशीच राहिली म्हणायची.

दाजीबा भांडला नाही. शेडमध्ये गेला आणि एकेका टाकीचा नळ उघडत सुटला. सबंध हंगामाची मेहनत, जवळ होतं नव्हतं ते सगळं, फेसाळत या रस्त्यावरून ओढ्याला गेलं. कामकरी रडत होते. दाजीबाही रडत होता, पण नळावरचा हात थांबला नाही. शेवटची टाकी कोरडी झाली, आणि कड्यावर पुन्हा पाण्याचा आवाज आला. दुपारी टँकर आले, रिकाम्या टाक्या बघून आले तसे वळले.

सबनीस बड्या कंपनीची गाडी न्यायला येईल म्हणून इथंच बसून राहिला. आता बियरच नाही म्हटल्यावर त्यांना सबनीस कशाला हवा? गाडी आली नाही. येणारा-जाणारा त्याच्या पायाशी थुंकून जात होता. काही लोक म्हणतात, तो बसल्या जागी दगड झाला, तोच हा. हे मात्र मी मानत नाही. दगड व्हायलाही लायकी लागते. दगड ऊन-पाऊस सोसतो, आपली जागा सोडत नाही. सबनीस संध्याकाळच्या एसटीनं गेला, खिडकीशी जागा धरून.

पुढं गावानंच दाजीबाला सातूची पोती वाहून दिली. त्यात माळकरीही होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, लहानच, पण कुणाच्या दावणीला न बांधलेला.

आजही धार वाहते, आणि आजही हा दगड ओला असतो. कारखाना आता दाजीबाचा नातू विक्रांत बघतो. ते रंगीत दिवे त्यानंच लावलेत. 'इथे इच्छा मागा' ही पाटीही त्याचीच, थुंकण्याच्या दगडावर! गेल्या आठवड्यात त्याच बड्या कंपनीची गाडी इथं येऊन गेली. विक्रांत तिच्यातून उतरलेल्या साहेबांना धार दाखवायला घेऊन गेला होता. ओंजळ पुढं करताना त्यानं कोटाची बाही दुसऱ्या हातानं वर धरली. मी इथूनच बघितलं.

त्या दगडाच्या शेजारी तो दुसरा दिसतो का? कोरडा आहे अजून. तो गेल्या आठवड्यापर्यंत तिथं नव्हता. विक्रांत येता-जाता त्याच्याकडे बघतो, पण कोणी ठेवला म्हणून विचारत नाही. तुम्हीही विचारू नका. ओढ्यापासून इथवर चांगलाच चढ आहे, आणि माझी कंबर अजून धरलेली आहे.