माळावरची हाक

त्या माळावर कुणाच्या दारात शस्त्र नव्हते. कोल्हा होता, म्हणून एक रीत होती. टिटवी आणि तिचा जोडीदार पाळीपाळीने अंडी उबवत आणि पाळीपाळीने वरून राखण करत. कोल्हा दिसला की जो वर असेल तो ओरडे, आणि सगळे असतील तिथून मधल्या बोराटीच्या जाळीत शिरत. ससे, तितर, मुंगूस अंगाला अंग चिकटवून बसत. इतर मुलखांत टिटवीचे ओरडणे अशुभ मानत. इथे त्या हाकेवर पिढ्या जगल्या होत्या.

बातमी आली त्या दिवशी ऊन नेहमीसारखेच होते. ससा मुळ्या उकरत होता, टिटवी अंड्यांभोवतीचे खडे सारखे करत होती. तितरीण पाय ओढत आली. तिची पिल्ले गेली होती. हाक झाली होती, ऐकूही आली होती. पण जाळी लांब होती आणि पिल्लांचे पाय लहान.

"हाक कोल्ह्याला चावते का?" तिने जाळीपाशी जमलेल्यांना विचारले.

साळिंदराने आपले गळलेले काटे आणून पुढ्यात टाकले. "ज्याचं दार, त्याचा काटा," तो म्हणाला. "यासाठी कुणाची परवानगी लागत नाही."

"आणि करायचं काय त्याचं? दात कोरायचे?" मुंगूस हसले.

"तुला दात आहेत, मुंगूसभाऊ, म्हणून हसू येतंय."

काटा उचलणाऱ्यांत मग मुंगूसही होते. टिटवीला मात्र कुणी काटा दिला नाही.

"तुझं घरटं म्हणजे चार खडे," ससा म्हणाला. "दार कुठाय तुला?"

पुढची हाक झाली तेव्हा सगळे काटे घेऊनच जाळीकडे धावले. जाळी तेवढीच होती, पण आता तिच्यात कुणी मावेना. सशाचा कान फाटला.

"मागे कोण आहे? टोक वळव आधी!"

"आधी तू वळव."

त्या दिवशी कोल्हा रिकामा परतला. पण आपल्या मागे कोण होते, हे कुणी विसरले नाही. पुढे हाक ऐकली की जो तो आपल्या दारात काटा रोखून बसू लागला. एकदा तितरिणीच्या दारातून कोल्हा रक्ताळलेले नाक घेऊन पळाला, तेव्हा सगळ्या माळाने आनंद केला. तो आनंद खोटा नव्हता.

नंतर कोल्हा फारसा दिसेना. गवत मात्र हलतच असे. मुंगूस माझ्या बिळावरून का जाते, असे ससा विचारू लागला. सशाने आणखी एक काटा कशाला मिळवला, असे मुंगूस विचारू लागले. साळिंदराला आता सगळीकडून बोलावणे येई.

एका दुपारी कोल्हा ओढ्याकडून आला. टिटवीचा जोडीदार ओरडत निघाला. लहानग्यांना ऐकू जावे म्हणून तो नेहमी दारांवरून अगदी खालून उडे. ऊन उतरल्यावर तो बिळांसमोर पडलेला सापडला.

"कोल्ह्याचंच काम," ससा म्हणाला.

"दुसऱ्या कुणाचं असणार?" मुंगूस म्हणाले.

टिटवीने जखम पाहिली. दातांच्या खुणा नव्हत्या, एकच गोल भोक होते. तिने कुणाला काही विचारले नाही. त्या संध्याकाळी सगळ्यांचेच काटे स्वच्छ पुसलेले होते.

ती एकटीच अंड्यांवर बसली. पिल्ले बाहेर आली आणि खड्यांमध्ये खड्यांसारखी पडून राहायला शिकली.

मग एका सकाळी कोल्हा पुन्हा ओढ्याकडून आला. तो दबकत नव्हता. सशाची पोरे बिळाबाहेर खेळत होती. टिटवी उडाली. वरून तिला सगळी दारे एकाच वेळी दिसली. प्रत्येक दारातून एक टोक बाहेर आले होते. ओढ्याकडे एकही वळलेले नव्हते. प्रत्येक टोक शेजारच्या दारावर रोखलेले होते. मधली जाळी रिकामी होती, तिच्या वाटेवर गवत वाढले होते. त्या गवतातून कोल्हा सावकाश चालत होता.

बिळांपर्यंत आवाज पोचवायचा तर दारांवरून, त्या टोकांच्या अगदी जवळून, खालून उडायला हवे होते. खाली तिची पिल्ले खड्यांमध्ये न हलता पडून होती.

टिटवीने चोच उघडली. ती ओरडली नाही.