वाळवंटाच्या चित्राचा बुजवलेला कोपरा

एका राज्यात एक चित्र होतं, आणि त्या चित्राला तहान लागायची.

चित्र कसलं, नुसतं वाळवंट. पिवळ्या वाळूच्या तीन टेकड्या, एक वठलेलं झाड, झाडावर एक टिटवी. बास. एक फिरता चितारी आला, वर्षभर राजवाड्यात राबला आणि ते उभं केलं. पण खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा त्याने कोरी सोडली. राजा म्हणाला, "कामचुकार कुठला!" आणि दरबारातल्या चिताऱ्याकडून तो कोपरा बुजवून घेतला. फिरता चितारी त्यानंतर कोणाला दिसला नाही. कोणी शोधलाही नाही. त्याचं नाव तरी कोणाला ठाऊक होतं?

त्या दिवसापासून चित्रातून वाळू गळू लागली. रोज सकाळी पाटीभर. विहिरी खोल गेल्या, नदीची रेघ झाली. चित्रासमोर उभं राहिलं की घसा सुके, आणि एखादा उभ्याउभ्या नाहीसा होई. मग तो चित्रात दिसे, नखाएवढा, पाठमोरा, चालणारा. तिसऱ्या टेकडीपलीकडे गेलेला कोणी परत आला नव्हता.

राजाने कातडी पखालीतून पाणी वाहणाऱ्या भिवा पखालीला हुकूम केला, "चित्रापुढे पाणी शिंपड." भिवा गेला तो गेलाच. त्याची बायको हौसा धावत आली. बघते तर पहिल्या टेकडीच्या चढावर नखाएवढा भिवा, पाठीवर पखाल. दासी गळा काढून रडू लागल्या.

"रडताय काय? मेलाय का तो? चालतोय अजून!" हौसा खेकसली.

चित्रातल्या टिटवीने मान वळवली. "बाई, नवरा परत हवा तर तीन कामं आहेत. करशील?"

"सांग. लांबण लावू नको."

"सांडलेली वाळू परत आण. दाणासुद्धा बाहेर राहता कामा नये."

हौसाने राजवाडा झाडून काढला. थोडी वाळू गवंड्यांनी चुन्यात कालवून राणीच्या महालाला फासली होती. हौसाने पहार घेतली आणि गिलावा उतरवला.

"माझा महाल!" राणी ओरडली.

"माझा नवरा!" हौसा ओरडली आणि खरवडत राहिली.

चित्राखाली ढीग रचला. ढीग निजलेल्या जनावराच्या पोटासारखा वर-खाली होऊ लागला. भिवा तोवर दुसऱ्या टेकडीला लागला होता.

टिटवी म्हणाली, "राज्यातल्या शेवटच्या ओल्या विहिरीचं तांब्याभर पाणी आण. तुझ्या ओठाला त्यातला थेंब लागता कामा नये."

विहीर चार कोसांवर. हौसा तळाशी उतरली, वाटीवाटीने तांब्या भरला, उन्हातून निघाली. जीभ टाळूला चिकटली. तेव्हा तांब्यातून भिवाचा आवाज आला, "पी ना गं हौसे. दोन घोट. मी काय रागावणार आहे?"

"गप," हौसा म्हणाली. "माझा नवरा लाडीगोडी लावत नाही. तांब्या पुढे करतो आणि चालू लागतो." तिने तांब्याचं तोंड पदराने बांधलं.

ती पोचली तेव्हा भिवा तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर होता. कमरेखाली दिसत नव्हता.

"शेवटचं," टिटवी म्हणाली. "ज्याच्या हुकुमाने कोपरा बुजला, त्याच्याच नखाने तो उकरायचा."

राजा म्हणाला, "आम्ही हात लावणार नाही. चित्र आमचं आहे."

"माणसं गिळली तेव्हाही तुमचंच होतं ना?" हौसा म्हणाली. "मग बसा खाली. गुडघे वाकत नसतील तर मी वाकवते."

राजाशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. तो बसला. हौसाने कोपऱ्यावर पाणी ओतलं, रंग भिजला, राजाने नख लावलं. आधी गरम वारा आला. मग खरखर ऐकू आली. पलीकडूनही कोणीतरी उकरत होतं. रंगातून एक बोट बाहेर आलं, नख झिजून गेलेलं.

राजा किंचाळला, हात मागे घेऊ लागला. हौसाने मनगट धरलं. "उकरा."

कोरं कापड दिसलं. ढिगाची वाळू सरसरत आत गेली. आणि अंगठ्याएवढ्या जागेतून पुरती माणसाएवढी माणसं बाहेर आली. आधी तो फिरता चितारी, वाळूने भरलेला. मग हरवलेले सगळे, एकामागून एक. हौसा प्रत्येकाचं तोंड बघत होती. शेवटी भिवा, धापा टाकत.

"टेकडीमागून कोणीतरी पाणी मागत होतं," भिवा म्हणाला. "पखाल पाठीवर असताना कसा थांबू?"

"मागत होतो मीच," चितारी म्हणाला. "इथेच होतो, कोपऱ्याशी. हाक टेकड्यांवर आपटायची आणि तुम्ही सगळे उलट्या दिशेला जायचात." मग राजाकडे वळला. "आम्ही चितारी चित्रात शिरून शेवटचा हात फिरवतो. कोरा कोपरा म्हणजे आमचं दार. मी आत असताना तुम्ही ते लिंपलंत. माझी तहान तुमच्या राज्याला लागली."

राजाने मान खाली घातली. भिवाने पखालीचं तोंड सोडलं. चितारी ओंजळीने प्यायला. घोटागणिक राज्यातल्या विहिरींचं पाणी हातहातभर वर आलं.

"नाव काय तुझं?" राजाने विचारलं.

"सिदराम."

हौसाने भिवाचा दंड धरला आणि त्याला घरी नेलं, वाटेत कोणाशी बोलू दिलं नाही.

आजही त्या राज्यात चित्र टांगायचं असलं की राजा स्वतः येतो आणि विचारतो, "चितारी बाहेर आला का?" चितारी समोर येऊन आपलं नाव सांगतो. मगच भिंतीत खिळा ठोकतात.