लाखेनं बंद केलेली शिट्टी

लई वर्षांमागची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा चिठ्ठ्या कबुतरांच्या पायाला बांधून पाठवायचे. भरल्या बाजारात एका सौदागरानं गावच्या कबुतरांची ढाबळ सांभाळणाऱ्या आक्काला डिवचलं.

"आक्का, तुझी कबुतरं म्हणजे उडणारे बटाटे! हिंमत असेल तर वर्षभर माझीच वापरून दाखव."

लोक फिदीफिदी हसले. आक्काला ते झोंबलं. "वापरते, जा!" म्हणाली. झालं, फसली.

त्या गावात एक रीत होती. कबुतराला वाट सांगणारी शिट्टी मातीची असायची आणि कुंभारीण ती सगळ्यांसमोर घडवायची. सूर चुकला, तर शेंबडं पोरगंसुद्धा सांगायचं, "मावशी, भोक मोठं झालंय." लगेच दुरुस्ती. पण सौदागराची कबुतरं मातीच्या शिट्टीला दादच देईनात. त्यांना त्याचीच शिट्टी लागायची, लाखेनं गच्च बंद केलेली.

"आत काय आहे?" कुंभारणीनं विचारलं.

"तुला काय करायचंय? फोडलीस तर कबुतरं बिथरतील."

कबुतरं दिसायला राजबिंडी. पण सकाळी सोडली तरी शेजारच्या गावी पोचायला त्यांना दुपार व्हायची. आणि चिठ्ठीत "मीठ संपलंय, पाठवा" लिहिलं, की शेजारगावच्या लोकांआधी सौदागरच गोण्या घेऊन हजर! भाव त्याच्या मनाचा.

चिठ्ठीतलं याला सांगतं कोण? आक्काला आधी न्हाव्याचा संशय आला, मग कुंभारणीचा. "तुझी शिट्टी घेत नाही म्हणून जळतेस!" ती कुंभारणीला म्हणाली. कुंभारणीनं बोलणंच टाकलं. तिकडं गावाला संशय आक्काचा. पाटील म्हणाले, "चिठ्ठी तूच बांधतेस. उद्या चावडीवर खरं सांग, नाहीतर ढाबळ सोड."

ढाबळ सोडायची? आक्काचा जन्म त्या पिसांत गेला होता. ती तडक कुंभारणीच्या दारात गेली. "चुकलं माझं. ही फोड."

"बिथरली तर?"

"बिथरू देत!"

आत दोन नळ्या निघाल्या. एक जाड, एक सुईसारखी बारीक.

दुसऱ्या दिवशी चावडीवर कुंभारणीनं सगळ्यांना दाखवून त्या वेगवेगळ्या वाजवल्या. आक्कानं पिंजऱ्यातून आणलेली दोन कबुतरं सोडली आणि जाड नळी वाजली, तशी ती सरळ शेजारगावाकडं उडाली. मग बाकीची सोडली आणि बारीक वाजली. कुणालाच काही ऐकू आलं नाही. पण उरलेली सात कबुतरं फडफडत उठली आणि गर्दीत मागं लपलेल्या सौदागराच्या पगडीवर जाऊन बसली! एकानं तर तिथंच घाण केली.

"हट! हट!" सौदागर ओरडला. कबुतरं ढिम्म.

"जुनी ओळख दिसतेय," पाटील म्हणाले.

सौदागराची मान खाली गेली. "बारीक सूर ऐकला, की ती आधी माझ्या गच्चीवर उतरायची. मी दाणे टाकायचो, चिठ्ठी वाचायचो, मग पुढं सोडायचो."

लोक त्याच्यावर धावले. आक्का मध्ये पडली. "थांबा. शिट्टी त्यानं केली, पण वर्षभर फुंकली मी. तुम्ही हसलात म्हणून इरेला पेटले, आणि आत काय आहे ते एकदाही बघितलं नाही. तुमच्या चिठ्ठ्या त्याच्या हातात मीच दिल्या."

त्या दिवसापासून बंद शिट्टी त्या गावात वाजली नाही.

बोध असा: जी वस्तू उघडून बघू देत नाहीत, तिच्या भरवशावर आपल्या घरची गोष्ट सोडू नये.