पिवळ्याचा अर्धा खोपा

एका ओढ्यावर एक बाभूळ ओणवली होती आणि त्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची मोठी वस्ती राहत असे. सुगरण म्हटलं की मुलांनो, तुम्हाला वाटेल, विणकाम करणारी ही कुणी पक्षीणच असणार. नाव खरंच बाईचं आहे, पण खोपा विणतो तो नर! मग सुगरणबाई काय करतात? त्या तपासायला येतात. आणि तपासतात म्हणजे लांबून बघून "छान हं" म्हणत नाहीत. चोचीनं गाठी ओढतात, भिंती टोचतात, आत बसून दणादण झोके घेतात. मनाला आलं तर राहतात, नाही तर भुर्रकन पुढच्या खोप्याकडे उडून जातात.

म्हणून त्या वस्तीत एक रिवाज होता. खोपा आधी अर्धाच विणायचा. फांदीला टांगलेली उपडी टोपली आणि तिच्या मधोमध बसायला एक आडवी पट्टी, बस्स, एवढंच. मग टोपलीला लटकून पंख फडफडवायचे आणि साऱ्या रानाला ओरडून सांगायचं, "या, या! नवं काम बघा!" पावसाळा भरात आला की रोज सकाळी बाभळीवर हा गलका. कुणी टोपलीवर ओल्या मातीचे ठिपके देऊन त्यात तांबड्या पाकळ्या चिकटवलेल्या, तर कुणी एकाखाली एक टोपल्या जोडून दुमजली घराचा घाट घातलेला. एखाद्या सुगरणीला काम पसंत पडलं, की मगच नर पुढे अंड्यांची खोली विणी आणि खाली लोंबणारी लांब नळीसारखी वाट विणून घर पुरं करी.

या वस्तीत एक तरुण नर होता. त्याच्या डोक्यावरची टोपी सगळ्यांपेक्षा पिवळीधमक, म्हणून त्याला सगळे पिवळ्या म्हणत. त्याच्या हाताला, अहं, चोचीला भारी कसब होतं. पण गेल्या वर्षी काय झालं, त्यानं आपली पहिलीवहिली अर्धी टोपली लोकांपुढे ठेवली आणि शेजारच्या झाडावरची साळुंकी भर चौकात बोलावं तशी बोलली, "अगं बाई! ही टोपली की गाळणी? यातून तर आभाळ दिसतंय!" सगळी बाभूळ फिदीफिदी हसली. पिवळ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ते काम तिथंच सोडलं आणि तो सबंध हंगाम एकटा राहिला. दुसऱ्यांच्या खोप्यांतून पिल्लांची चिवचिव ऐकू आली की तो फांदीवर खिळून ऐकत राहायचा. आपल्यालाही घर हवं, घरात पिल्लं हवीत, दुसरं काही नको, असं त्याला फार फार वाटायचं.

यंदा त्यानं मनाशी ठरवलं, "काम पुरं झाल्याशिवाय कुणाला वाऱ्यालाही उभं करायचं नाही!" बाभळीच्या पलीकडच्या अंगाला एक वेल दाट चढली होती. तिच्या आडोशाला त्यानं विणायला घेतलं. शेजारचे काका, हेही सुगरणच बरं का, सहज डोकावले. म्हणाले, "काय रे, बघू तरी काय चाललंय ते."

"झालं की दाखवीन, काका."

"झालं की मग दाखवून काय उपयोग?"

"बघालच तुम्ही," पिवळ्या फुशारकीनं म्हणाला आणि वेलीचं पान ओढून त्यानं खोपा झाकला. काका मान हलवत निघून गेले.

आणि मग एके सकाळी पिवळ्यानं वेलीची पानं बाजूला केली. अहाहा, काय खोपा होता! नळी अशी लांब की खालच्या पाण्याला टेकते की काय असं वाटावं. वीण इतकी घट्ट की मुंगीला शिरायला जागा नाही. दारापाशी पाकळ्यांची नक्षी, तीही रांगोळीसारखी नेटकी. रानभर बातमी झाली. पोपट आले, बुलबुल आले, सुतार पक्षी तर ठोकायचं सोडून बघत राहिला. साळुंकी म्हणाली, "बाई गं! असं काम मी जन्मात पाहिलं नाही हो!" पिवळ्याची छाती फुगून दुप्पट झाली. ज्या तोंडानं गाळणी म्हटलं होतं, त्याच तोंडानं हे ऐकायला मिळालं, आणखी काय पाहिजे?

पाहिजे होतं ते मात्र होईना. सुगरणी यायच्या, लांबून बघायच्या, एक फेरी मारायच्या आणि शेजारच्या फांदीवर टांगलेल्या साध्या अर्ध्या टोपलीत जाऊन झोके घ्यायच्या. दिवस चालले होते. शेतातलं गवत निबर व्हायला लागलं होतं, आणि निबर पात्यांनी काही विणता येत नाही. पिवळ्याच्या खोप्याचा हिरवा रंग उडून तो वाळक्या रंगाचा झाला, तरी आतमध्ये कुणी पाऊल टाकीना.

शेवटी एक सुगरण आली. लहानखुरी, पण नजर अशी की काही सुटायचं नाही. ती नळीतून वर गेली, आत बराच वेळ खुडखुड ऐकू आली, आणि ती बाहेर येऊन फांदीवर बसली.

"आवडला ना?" पिवळ्यानं विचारलं.

"देखणा आहे. पण अंड्यांच्या खोलीचा काठ बुटका आहे. जोराचा वारा आला की अंडी काठावरून घरंगळतील आणि तुझ्या या लांबलचक नळीतून थेट ओढ्यात जातील."

पिवळ्याला राग आला. "भलतंच काय! साऱ्या रानानं वाखाणलाय हा खोपा!"

"रानाला कुठे यात अंडी घालायचीत?" सुगरण म्हणाली. "मला घालायचीत."

"मग... मग काठ थोडा वाढवू का?"

"आता कसा वाढवशील? गाठी वाळून दगड झाल्यात. पाती ओली होती तेव्हा दाखवला असतास, तर मीच सांगितलं असतं." आणि ती उडून गेली.

पिवळ्या दिवसभर फुगून बसला. दाणा नाही, पाणी नाही. "तिला काय कळतंय! नावं ठेवायची सवय असते एकेकीला," असं तो पुटपुटत होता. पण खरं सांगू? मनातून त्याला चैन नव्हतं. अखेर तो उठला, बोरीवरून एक इवलंसं कच्चं बोर तोडून आणलं आणि आत अंड्यांच्या जागी अलगद ठेवलं. मग बाहेर येऊन नुसता बघत राहिला. वाऱ्याची एक झुळूक आली, काही नाही. दुसरी आली, तरी काही नाही. पिवळ्या हसणार, एवढ्यात ओढ्यावरून भणाणता वारा आला, खोपा गर्रकन फिरला, आतमध्ये काहीतरी गडगडलं, आणि डुबुक! बोर पाण्यात गेलं.

पिवळ्याच्या काळजात धस्स झालं. ते बोर होतं म्हणून ठीक. त्या जागी पिल्लू असतं तर? या विचारानं त्याला भडभडून आलं. तो फांदीवर डोकं खुपसून रडला.

काका शेजारी येऊन बसले. म्हणाले, "माझी टोपली कितीजणींनी नाकारली, ठाऊक आहे? एक म्हणाली फांदी बारीक, दुसरी म्हणाली पट्टी तिरकी. एकीनं तर बसल्या बसल्या अर्धी भिंत उसवली!"

"लाज नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली की! कान गरम व्हायचे. पण जिला आत राहायचं, तीच चूक सांगणार ना रे? मी ऐकायचो, शिव्या घालायचो आणि पुन्हा विणायचो."

पिवळ्यानं डोळे पुसले. तो उठला आणि त्यानं आपल्या खोप्याची पहिली गाठ तोडली. साळुंकी धावतच आली, "अरे मेल्या, वेड लागलं का तुला? एवढं सुरेख काम!"

"सुरेख आहे, मावशी, पण राहण्याजोगं नाही," असं म्हणत त्यानं दुसरी तोडली. तोडताना त्याला फार दुखत होतं. पाकळ्यांची नक्षी ओढ्यातून वाहत गेली, तेव्हा त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

गवत अजून पुरतं निबर झालं नव्हतं. ओढ्याच्या वळणावर थोडी कोवळी पाती उरली होती, ती त्यानं झपाट्यानं आणली. या वेळी वेलीचा आडोसा नाही. सगळ्यांत पुढची, उघड्यावरची फांदी. उपडी टोपली झाली, पट्टी झाली आणि तो थांबला. पंख पसरून तो ओरडला, "या, या! नवं काम बघा! अर्धंच आहे, काय चुकलं ते सांगा!"

"यातून आभाळ दिसतंय बरं का!" साळुंकी म्हणालीच. तिच्यानं राहवतंय थोडंच!

"कुठून दिसतंय, मावशी? तिथंच एक पातं घालतो," पिवळ्या म्हणाला. साळुंकीला हे नवीनच होतं. तिनं मान वाकडी करून, एक डोळा मिटून नीट बघितलं आणि खरंच जागा दाखवली.

तेवढ्यात ती लहानखुरी सुगरण आली. पट्टीवर बसून तिनं असे झोके घेतले की फांदी करकरली. मग एक गाठ चोचीत धरून ओढली. गाठ सुटली. मागचा पिवळ्या असता तर इथं भांडण जुंपलं असतं. आत्ताच्या पिवळ्यानं विचारलं, "आणखी कुठे ढिली वाटते?"

सुगरणीनं चोचीनं एक जागा टोचली. मग सावकाश म्हणाली, "इथं. आणि काठ मी सांगेन तेवढा उंच कर. त्याहून बोटभरही कमी नको."

पिवळ्या एकेक पातं घालायचा, ती आत बसून बघायची. "आणखी," ती म्हणायची. "आणखी." ओली पाती मुकाट वाकत होती. काठ तिच्या छातीपर्यंत आला, तेव्हा ती गप्प बसली. आता ही उडणार, असं वाटून पिवळ्यानं डोळे मिटून घेतले.

इतक्यात दुसरी एक सुगरण तो खोपा तपासायला फांदीवर उतरली. तिनं चोच पुढे केली मात्र, आतून आवाज आला, "हे घर मी घेतलं हो. तुम्ही पुढचं बघा!"

तात्पर्य : नवं काम ओलं असतानाच, ज्यांच्यासाठी ते करतो त्यांना दाखवावं. तेव्हा कळलेली चूक सुधारता येते. नुसत्या वाहवेनं कुणाचं घर भरत नाही.