न लाभणारी नानकटाई

"…पण माई, नदीत सोडला तर भागेल ना? की खड्डा करून पुरावा लागेल?"

काखेतला पितळी डबा त्र्यंबकने अजून खाली ठेवला नव्हता. मठाच्या ओसरीवर माई पाय पसरून दिवाळीच्या वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय हाय त्यात?"

"नानकटाई."

"मेलीय व्हय?"

त्र्यंबकला हसू आलं नाही. एरवी माईंच्या असल्या बोलण्यावर सगळ्यात मोठ्यानं हसणारा तोच.

हा त्र्यंबक म्हणजे गावच्या लाकडाच्या वखारीचा मालक. तालमीत कमावलेलं शरीर, खर्जातला आवाज. ओंडक्यांच्या ढिगातून निघालेला नाग त्यानं एकदा नुसत्या हातानं धरून रानात नेऊन सोडला होता, आणि ही हकीकत कुणी विसरू नये याची काळजीही तो घेत असे. माईंचा तो जुना शिष्य. दर गुरुवारी मठात 'अभय' या विषयावर बोलायचा, आणि बोलायचा झोकात. भीती म्हणजे मनाचा आळस, असं तो मूठ आपटून सांगे. बायका माना डोलावत. माई तेवढ्यात डुलकी काढून घेत.

आज तोच त्र्यंबक अनवाणी आला होता. नदीकाठच्या वाटेचा चिखल पोटरीपर्यंत उडाला होता. सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात होती.

"बस," माई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही."

"मग हुभ्यानं सांग."

तो सांगू लागला. वाक्यं धड येत नव्हती.

त्यांच्या घरात नानकटाई लाभत नाही. त्र्यंबक लहान असताना धनत्रयोदशीच्या दिवशी आईनं नानकटाया भाजल्या होत्या. थोरला भाऊ दामू, त्याचा दादा, त्यानं दुपारी पोटभर खाल्ल्या. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या आणि उजाडायच्या आत तो गेला. पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं गेला, असं डॉक्टर म्हणाला. आईनं ते ऐकून घेतलं, मग उठून उरलेल्या नानकटाया परातीसकट उकिरड्यावर फेकल्या. त्या दिवसापासून नानकटाई घरात वर्ज्य झाली. करायची नाही, आणायची नाही, कुणी दिली तर उंबऱ्याबाहेरच ठेवायची.

"सुटत न्हाई व्हय ते कवा?"

"सुटतं. त्याच तिथीला घरात मूल जन्माला आलं, नाहीतर गोठ्यात गाय व्याली, तर सुटतं. आमच्याकडे आजवर तसं झालंच नाही."

"आज काय तिथी?"

"धनत्रयोदशी."

"आन घरात काय चाललंय?"

त्र्यंबकनं ओठांवरून जीभ फिरवली.

"आमची लेक कुमुद बाळंतपणाला आलीय. पहिलंच आहे. दुपारपासून अडून बसलीय."

माईंचा हात वातीवर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"मग चांगलंच झालं की. आज पोर झालं म्हंजी सुटलं तुमचं."

"नाही माई! तिनं आधीच खाल्ल्या. सुटायच्या आधीच खाल्ल्या!"

त्याचा आवाज चिरकला. ओसरीच्या आढ्यावरलं कबूतर फडफडून उडालं, आणि तेवढ्यानंही तो दचकला.

"भीती वकिली झ्याक करती," माई पुटपुटल्या. "कुनी केल्या नानकटाया?"

केल्या होत्या यमुनेनं, त्याच्या बायकोनं. पोरीला डोहाळे लागले ते नेमके नानकटाईचे. नववा महिना सरत आला तरी पोरीची इच्छा पुरी झाली नाही, तर बाळंतपणात ती अडेल, ही यमुनेची वेगळीच भीती. एका घरात दोन भीत्या नांदत होत्या, आणि एकमेकींना त्यांचा पत्ता नव्हता. गल्लीतल्या बाकीच्या बायका नानकटायांचे पत्रे भरून भाजायला बेकरीत नेत होत्या. तसा पत्रा नेला असता तर गावभर झालं असतं. म्हणून नवरा वखारीत गेल्यावर यमुनेनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. परातीत तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत हातानं फेसलं. मोठ्या पातेल्यात वाळू तापवली, आत थाळी ठेवली, झाकणावर निखारे पसरले. पहिल्याच घाण्याला नानकटायांना छान भेगा पडल्या. ती डोळे पुसत कुमुदकडे थाळी घेऊन गेली.

त्र्यंबक जेवायला आला, तो वास घेऊनच उंबऱ्यात थबकला.

तुपाचा वास. वेलदोड्याचा वास. 

"कुमुद दुसरी खात होती, माई. मी तिच्या हातातली अर्धी काढून घेतली. आणि त्याच क्षणी… तिनं कंबर धरली."

"त्याच क्षनी?"

"त्याच क्षणी. मी पाहिलं ना! सुईण आली, तिनं दार लावून घेतलं. मग आतून ओरडणं… माई, मी दादाचं ओरडणं ऐकलंय. अगदी तसंच."

माई वातीला पीळ देत राहिल्या.

"तू दाराभायेर हायेस ह्ये कुमुदला ठावं व्हतं?"

"हो."

"काय म्हनाली ती?"

त्र्यंबक डब्याकडे पाहत राहिला. नदीवरून गार वारा आला, तरी त्याच्या कपाळावरचा घाम वाळेना.

"'आबा, तुम्ही दाराशीच बसा हं,' म्हणाली."

"आन तू?"

त्र्यंबकनं डबा दुसऱ्या काखेत घेतला.

"तू काय केलंस, त्र्यंबक?"

"मी डबा घेऊन इकडे आलो."

 पलीकडच्या काठावर कुणीतरी धुणं आपटत होतं. प्रत्येक आपटण्यासरशी त्र्यंबकचे खांदे आक्रसत होते.

"दामूनं खाल्ल्या त्या परातीतल्या," माईंनी विचारलं, "आनिक कुनी खाल्ल्या व्हत्या?"

"सगळ्यांनीच."

"तू?"

"मीही. दादाच्याच शेजारी बसून."

"दामू ग्येला, त्याचा आळ नानकटाईवर घातलासा. तू वाचलास, त्ये कुनाच्या नावावर मांडलं?"

 हा प्रश्न त्र्यंबकला नवा नव्हता. लहानपणी अंधारात अंथरुणावर पडल्या पडल्या तो हाच प्रश्न स्वतःला विचारायचा आणि डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायचा. मोठेपणी त्यानं तालीम धरली, नाग धरला, गुरुवार धरला. गोधडीच ती, जरा जाड इतकंच.



माईंनी वातींचं सूप बाजूला सारलं आणि हात पुढे केला.

"आन हिकडं."

"नको, माई!" तो एक पाऊल मागे सरला. "तुम्हाला काही झालं तर?"

"आन नदीतल्या माशांना?"

"माई, थट्टा नको. हात जोडतो तुम्हाला." डबा काखेत असल्यानं त्याला हातही धड जोडता येईनात.

माईंचा हात तसाच पुढे राहिला. सुरकुतलेला, बोटांना कापसाचे तंतू चिकटलेला. 

तेवढ्यात खाली पायऱ्यांवर पावलं वाजली.

कुणीतरी घाईघाईनं वर चढत होतं. त्र्यंबकच्या तोंडचं पाणी पळालं. घरून कोणी आलं असणार. यमुनेनं पाठवलं असणार. आता ते माणूस वर येईल, धापा टाकेल आणि पदर तोंडाला लावील… त्याला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण पापण्या मिटेनात. 

वर आली ती शेजारच्या मळ्यातली म्हातारी. पणत्यांसाठी तेलाची बाटली घेऊन आली होती. बाटली खांबाशी ठेवून, माईंच्या पाया पडून, "आज लई गारठा पडलाय," असं म्हणून ती आली तशी निघून गेली.

 त्र्यंबक मटकन खाली बसला. डबा काखेतून सुटला, ओसरीवर गडगडला आणि झाकण उघडून पडलं.

वास सुटला.

माईंनी वाकून एक नानकटाई उचलली. मधोमध मोडली. अर्धी बोळक्या तोंडात टाकली.

त्र्यंबक त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिला. घास विरघळला. आवंढा खाली उतरला. 

"येलदोडा कमी पडलाय," माई म्हणाल्या.

उरलेली अर्धी त्यांनी त्याच्यापुढे धरली.

"मी मरणाला भीत नाही, माई," तो चटकन म्हणाला. सवयीनं म्हणाला.

"मग खा."

त्यानं हात पुढे केला. नाग धरणारा हात. तो इतका थरथरत होता की ती अर्धी नानकटाई त्याच्या बोटांत आली आणि तिचा भुगा मांडीवर पडू लागला. तोंडापर्यंत ती काही जाईना. त्यानं दोन्ही हातांनी धरून पाहिली. तरी जाईना.

"माई…"

"हूं."

"मला भीती वाटते, माई."

हे वाक्य त्याच्या तोंडून याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. यमुनेनंही नाही.

"कशाची?"

"सगळ्याची. कुमुदची. यमुनेची. आज तुमची. आश्विन लागला की मला झोप येत नाही. घरात कुणी साधं खोकलं तरी मी उठून बसतो. ही आज वाटतेय अशातली गोष्ट नाही माई, रोजच वाटते."

"आन गुरवारी बोलतोस त्ये?"

त्र्यंबकनं मान खाली घातली.

"मोठ्यानं बोललं की भीती ऐकू येत नाही."

माई हसल्या नाहीत. उठल्याही नाहीत. नुसत्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेत ना कीव होती ना शाबासकी.

खूप वेळानं त्र्यंबकनं हात वर नेला आणि डोळे घट्ट मिटून ती अर्धी नानकटाई जिभेवर ठेवली.

ती विरघळली.

त्याला वाटलं होतं, आता ती रात्र समोर येईल. कंदील, बादली, आईचा हंबरडा. इतकी वर्षं दादा म्हटलं की तेवढंच येत असे.

ते आलं नाही. आला तो त्या दिवशीचा दुपारचा दादा. तूप फेसून फेसून कोपरापर्यंत चकचकीत झालेला. अख्खी नानकटाई तोंडात कोंबून शीळ वाजवायला निघालेला. शीळ कसली वाजतेय! भुगा उडाला तो थेट छोट्या त्र्यंबकच्या तोंडावर, आणि दोघं हसून हसून जमिनीवर लोळले. आई पळी घेऊन धावली होती. दादाचा पुढचा एक दात किंचित तिरका होता. तो दात त्र्यंबक साफ विसरून गेला होता.

तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस ओसरीवर बसून पोरासारखा हुंदके देऊ लागला. माईंनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि वाती वळायला घेतल्या.

हुंदके ओसरल्यावर त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. पलीकडच्या काठावरचं धुणं थांबलं होतं. ऊन उतरलं होतं. गावाच्या बाजूनं एखाददुसरा फटाका वाजत होता.

"माई, एक विचारू?"

"विचार."

"कुमुदला काही होणार नाही ना?"

असा प्रश्न माईंना पुष्कळ जण विचारत. 'न्हाई, काय व्हत न्हाई,' एवढंच ऐकायला कोसावरून येत. त्र्यंबकही आता तेवढ्याच शब्दांसाठी जीव कानांत आणून बसला होता.

माईंनी एक वात पुरी केली. दुसरी घेतली.

"मला काय ठावं, ल्येका?"

भीती पुन्हा उसळून आली. होती तेवढीच, कणभरही कमी नाही.  त्र्यंबकनं ती अंगातून जायची थोडी वाट पाहिली. ती जाईना. मग तो तसाच उठला, तिला घेऊनच. सांडलेल्या नानकटाया वेचून त्यानं डब्यात टाकल्या, झाकण कसंबसं वर ठेवलं, माईंच्या पायांवर डोकं टेकवलं आणि पायऱ्या उतरू लागला. नदीकडे जाणारी वाट डावीकडे फुटत होती. तो घराच्या वाटेला लागला. पाय लटपटत होते, पण पडत होते भराभर.

"ए त्र्यंबक!"

तो धस्स होऊन थांबला. वळून त्यानं वर पाहिलं.

"झाकन घट्ट लाव. सादळल्या तर बाळंतीन नावं ठेवंल."