कोंडाई कुंभारीण आणि तिची साळू

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की कधी ते मला विचारू नका, बोरखळी गावात कोंडाई नावाची कुंभारीण राहत होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पण मडकं थापण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. श्रावण आला की घरोघरच्या पूजेचे मातीचे नाग तीच करायची. तिचा नाग पाटावर ठेवला की मांजर त्या खोलीत पाय टाकत नसे, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात ती अंगणातल्या मातीच्या ढिगावर कुदळ चालवत होती. आतून धामणीचं एक पिल्लू वळवळत बाहेर आलं. करंगळीएवढं जाड, हातभर लांब, आणि पाठीवर कुदळीची कड लागून कातडं सोललेलं. कोंडाईनं कुदळ टाकली. तिनं जखमेला हळद लावली, एका फुटक्या माठात ते पिल्लू ठेवलं आणि त्याचं नाव ठेवलं साळू.

साळूला मात्र या बाईची माया नको होती. माठाशी हात गेला की ती अंगाचा चाप करून फुत्कारायची आणि सटकन चावायची. धामणीला विष नसतं हो, पण दात असतात ना! कोंडाईची मनगटं ओरखड्यांनी भरून गेली.

गावाला हे कळलं आणि गाव बिथरलं. धामण गाईच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते, असं तेव्हा सगळे मानत. त्यात रखमाजी पाटलाची गाय नेमकी आटली. मग काय, पाटील चार गडी आणि काठ्या घेऊन कोंडाईच्या दारात हजर. कोंडाई माठाच्या आड उभी राहिली.

"पाटील, माझ्या हातच्या मातीच्या नागाला तुम्ही हात जोडता. हे जित्तं लेकरू मारायला आलात?"

पाटील माणूस वाईट नव्हता, पण गावासमोर माघार घ्यायची सवय नव्हती. त्यानं अट घातली. नागपंचमीच्या दिवशी सगळ्यांदेखत ही धामण तुझ्या हातावर यावी आणि चावू नये. चावली तर ठेचायची. कोंडाईनं मान डोलावली.

त्या दिवसापासून कोंडाई माठापाशी नुसती बसायला लागली. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिनं आत टाकला, साळूला अंगाचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. हात कधी वरून नेला नाही, कारण वरून येते ती घार. ती जमिनीलगत, बाजूनं हात न्यायची आणि तसाच ठेवायची. साळू चावली तरी हात मागं घ्यायची नाही. चावलं की हात पळतो हे एकदा कळलं, की पोर आयुष्यभर चावतच राहील, असं ती शेजारणींना सांगायची. शेजारणी कपाळाला हात लावायच्या. साळूनं उंदीर गिळला असेल तर कोंडाई तिला हलवायची नाही. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर दुधी पडदा आला, तर माठाकडे बघायचीही नाही. आंधळ्या झालेल्या जिवाला कशाला घाबरवायचं?

आणि एके सकाळी साळू आपण होऊन तिच्या तळहातावर आली. कोंडाई हसली नाही, हलली नाही. फक्त तिच्या डोळ्यांना धार लागली. त्या वेळी चुलीवरचं दूध उतू जायचं थांबलं, असं म्हणतात. आता ते खरं की खोटं, मी काही चुलीपाशी नव्हतो.

पंचमी आली. सारा गाव अंगणात जमला. साळू कोंडाईच्या मनगटाला सैल वेढा घालून शांत बसली. बायकांनी कडाकडा बोटं मोडली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. इथवर सगळं ठीक होतं. पण पाटलाला भक्तीचं भरतं आलं. त्यानं दुधाची वाटी पुढं केली, वरून हात घातला, साळूची मानगूट धरली आणि तिचं तोंड वाटीत बुडवलं. घ्या! साळू उलटली आणि पाटलाच्या अंगठ्याला कडकडून चावली. तो सोडतोय तोवर ती सरसरत मातीच्या ढिगात शिरली.

गड्यांनी काठ्या उचलल्या, पण पंचमीला माती उकरायची नसते. उद्या बघू, म्हणत गाव परतला.

दुसऱ्या दिवशी गडी कुदळी घेऊन आले, तर ढिगावर कोंडाई बसलेली. "आधी मला उकरा," एवढंच ती बोलली. मग पाटलाकडे बघून म्हणाली, "तुम्ही मायेनंच धरलीत, मला ठाऊक आहे. पण तिला कसं कळावं? तिला तो घारीचा पंजाच वाटला."

पाटील आपल्या बांधलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग गड्यांना घेऊन निघून गेला.

कोंडाई ढिगावरून उठली नाही. शेजारणी भाकरी आणून द्यायच्या. श्रावण सरला, भादवा सरला. पाऊस चहूकडे कोसळायचा, पण त्या ढिगावर थेंब पडायचा नाही, असं म्हणतात. तिच्या पदरावर चिमण्या बसायच्या, पायाशी गवत वाढलं. ती हात जमिनीलगत ठेवून वाट बघायची. पाटील रोज यायचा, लांब बसायचा आणि उठून जायचा.

पिकं पिवळी पडायला लागली तेव्हा साळू बाहेर आली. आता ती कोंडाईहून लांब झाली होती, असं म्हणतात. जिभेनं तिनं तो हात चाचपला, दंडावरून खांद्यावर चढली आणि कोंडाईच्या अंबाड्याला वेढा घालून झोपली. पाटील लांबूनच लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून विचारतो कसा, हिला थोडं दूध आणू का?

"दूध वासराला पाजा, पाटील," कोंडाई म्हणाली.

पुढं बऱ्याच वर्षांनी, खांद्यावर साळूला घेऊन कोंडाई तळ्यावर माती आणायला गेली आणि परत आली नाही. तळ्यानंच तिला ठेवून घेतलं, असं म्हणतात.

पण त्याआधी, साळू ढिगातून बाहेर आली त्याच वर्षी, पाटलाच्या घरात सून आली होती. लांबच्या मुलखातली, लहानशी, भेदरलेली. ती कोणाशी बोलेना, कोणासमोर जेवेना. बायका तिला घेरून बसल्या. नाव घे, लाजतेस काय, म्हणून कोणी हनुवटी वर करत होतं, कोणी चिमटा काढत होतं. पाटलानं सगळ्यांना बाहेर काढलं. तो रोज ओटीवर, तिच्यापासून जरा लांब, दोरी वळत बसायचा. काही विचारायचा नाही. एक दिवस ती आपणहून बोलली.

तेव्हापासून बोरखळीत नव्या सुनेला नाव घ्यायचा आग्रह कोणी करत नाही. शेजारच्या बाया आपापलं निवडण-टिपण घेऊन येतात, तिच्याजवळ बसतात आणि उठून जातात. याला कोंडाईचं बसणं म्हणतात. सून ज्या दिवशी आपणहून पहिला शब्द बोलते, त्या दिवशी सासू गल्लीभर साखर वाटते.

परवाच आमच्या गल्लीत वाटली. सून म्हणाली होती, "मीठ कुठं ठेवता?"