बेवारस बांध

फार फार वर्षांपूर्वी, किती राजे झाले आणि गेले हे कुणी लक्षात ठेवत नसे त्या काळी, खाडीच्या काठी एक गाव होते. गावाची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली होती. मध्ये होता फक्त मातीचा बांध. तो होता म्हणून भात होते. तो फुटला असता आणि खारे पाणी आत शिरले असते, तर पुढची कित्येक वर्षे त्या जमिनीत गवताची काडी उगवली नसती.

गावाचा रिवाज साधा होता. ज्याच्या शेतासमोर बांधाचा जो तुकडा, तो त्याने सांभाळायचा. दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. चिखलाचा एक गोळा जरी थापला, तरी गाव त्याचा अर्थ एकच घेई, की हा माणूस ते शेत आपले म्हणतो आहे. त्यावरून पूर्वी डोकी फुटली होती. म्हणून रिवाज कडक होता.

हा रिवाज सगळ्यांत कडक पाळणारा एक म्हातारा होता. त्याचा बांध गावात सगळ्यांत सरळ आणि घट्ट. ओहोटी लागली की हा काठी घेऊन बांधावर हजर. खेकड्याचे बीळ दिसले की उकरायचे, चिखलाने बुजवायचे आणि टाचेने दाबायचे.

"आधी माझा बांध बघा, मग बोला," असे तो म्हणे. बोलायला कुणी धजत नसे.

त्याच्या शेताला लागूनच एक शेत ओस पडले होते. त्या घरातले शेवटचे माणूस वारले. मागे वारस नव्हता. शेत बेवारस झाले आणि त्याच्यासमोरचा बांधही बेवारस झाला. खेकड्यांनी तो पोखरला. येणारेजाणारे बघत, मान हलवत आणि पुढे जात. हात कोण लावणार? लावील तो शेतचोर.

म्हाताऱ्याला एक नात होती. मिसरूड फुटलेल्या पोरांना लाजवील अशी कामाची. ती एकदा म्हणाली, "आजोबा, तो बांध गेला तर आपला राहून काय उपयोग? पाणी तिकडून येईल आणि आपलंच भात बुडवील."

"तू आपला बांध बघ."

"आपला बघून झाला. आता तो बघू?"

"हात लावून तर बघ! उद्या गाव माझ्या दारात उभं राहील. या वयात शेतचोर म्हणवून घेऊ?"

नात आपल्या बांधाकडे वळली. पण तिने विचार सोडला नाही.

काही दिवसांनी म्हातारा बांधावर आला आणि थबकला. बेवारस बांधावर तरण्या पोरापोरींची गर्दी होती. गुडघाभर चिखलात सगळे राबत होते. त्यात त्याची नातही होती.

"कुणाच्या हुकमाने चाललंय हे?" म्हातारा गरजला.

"कुणाच्याच नाही," नात म्हणाली. "प्रत्येक घरातून एक जण आलाय, आजोबा. एकाने चिखल मळायचा, दुसऱ्याने उचलायचा, तिसऱ्याने थापायचा. आता यातला कुठला गोळा कुणाचा, ते तुम्हीच ओळखा."

"ओळखलात तर शेत तुमचं!" मागून एक पोरगा ओरडला. सगळी हसली.

म्हातारा हसला नाही. "आपापल्या बापाचे बांध सोडून इथे कशाला मरायला आलात?"

"ते बापांचे आहेत ना," नात म्हणाली. "आमच्या नावावर गावात एक वीतभर बांध नाही. म्हणून ज्याला कुणी नाही, तो आम्ही घेतला. नाव नको, शेत नको. फक्त बांध."

 म्हाताऱ्याने काठीने चिखल टोचून पाहिला. "यात पेंढा घाला. नुसता चिखल पहिल्या लाटेला जाईल." एवढे बोलून तो वळला.

पण राग गेला नव्हता. त्यानंतर तो रोज आपल्या बांधावर उभा राही आणि नजर मात्र पोरांच्या कामावर ठेवी. इथे तिरके झाले, तिथे भुसभुशीत राहिले. दुसऱ्याच्या चुका बघता बघता स्वतःच्या पायाखाली बघायचे राहून गेले.

भात पोटरीला आले, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, आणि अमावास्येचे मोठे उधाण आले. भर दुपारी खाडी फुगली. वर वारा सुटला. सगळे गाव बांधावर धावले आणि जो तो आपापल्या तुकड्यावर उभा राहिला. पाणी बांधाच्या माथ्याला लागले. बेवारस बांधावर लाटा आपटल्या, पण तो हलला नाही.

तेवढ्यात म्हाताऱ्याच्या पायाशी, शेताच्या बाजूने, बुडबुडे आले.

खेकड्याचे बीळ होते. आरपार गेलेले. म्हाताऱ्याने टाच रोवली, तर टाच आत गेली. तो खाली बसला आणि त्याने हात कोपरापर्यंत बिळात घातला. पाणी हाताच्या कडेने वाहू लागले. हात काढावा तर भगदाड पडेल, आणि हात न काढता चिखल कुठून आणणार?

शेजारचा शेतकरी आपल्या हद्दीवर येऊन थांबला. "काका, येऊ का?" याच्याच बापावर म्हाताऱ्याने एकदा चिखलाच्या एका गोळ्यावरून काठी उगारली होती.

पलीकडच्या हद्दीवर, बेवारस बांधावर, पोरे चिखलाच्या पाट्या भरून उभी होती. पाऊल कुणी टाकत नव्हते. नातीचे डोळे भरले होते. "आजोबा, तुम्ही म्हणा फक्त."

म्हाताऱ्याने हात आणखी आत रेटला. जन्मभर जे कुणाला करू दिले नाही, ते आज मागायचे होते. पाण्याबरोबर माती सुटत होती.

"बघताय काय?" तो शेवटी ओरडला. "लावा हात!"

"आणि मग आम्ही शेत मागितलं तर?" मागे थट्टा करणारा तोच पोरगा पाटी घेऊन धावता धावता म्हणाला.

"आधी चिखल टाक, गाढवा!"

चिखल पडला. पेंढा घातलेला, घट्ट मळलेला. शेजाऱ्याने टाचेने दाबला. बांध राहिला.

ओहोटी लागली. म्हातारा त्या ओल्या थापणीकडे कितीतरी वेळ बघत बसला. सगळीकडे बोटांचे ठसे होते. आपल्या बांधावरचा गोळा न् गोळा ओळखणारा माणूस तो, पण यातला कुठला कुणाचा, हे त्याला सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी भर गावादेखत तो बेवारस बांधावर चढला आणि त्याने एक गोळा थापला. शेतचोर कुणी म्हणाले नाही. त्या दिवसापासून जुना रिवाज सुटला. बीळ ज्याला दिसेल, त्याने ते बुजवायचे, मग बांध कुणाचाही असो. ओसाड शेतही पोरांनी पेरले, आणि त्याचे भात ज्याच्या घरचे धान्य वर्षाला पुरत नव्हते त्याच्याकडे गेले. त्या गावात खाडी कधीच शिरली नाही.

या गोष्टीचा बोध एवढाच: जे सगळ्यांना राखते, ते सगळ्यांनी राखावे.